भिजलेला कागद

गेल्या ऑक्टोबरात अण्णा सहा आठवड्यांसाठी माझ्याकडे पिट्सबर्गला आले होते. देवगड आगारात ३१ वर्षं एसटी चालवलेला माणूस. फोंडा घाट त्यांना वळणावळणानं पाठ. अशा माणसाला संध्याकाळी सात वाजल्यापासून घरात बसवून ठेवायचं म्हणजे कठीणच. बाहेर चिटपाखरू नसतं, टीव्हीवर सगळं इंग्रजी आणि अण्णांना इंग्रजी येत नाही. म्हणून मी लायब्ररीतून डीव्हीडीचा एक संच घरी आणला. ठरलं असं की रोज जेवणानंतर तासभर बघायचं आणि मी शेजारी बसून सांगत जायचं.

मालिकेचं नाव ‘द वॉर दॅट मेड अमेरिका’. चार भाग, चार तास. पीबीएस या इथल्या सार्वजनिक टीव्हीवर २००६ साली दाखवली होती आणि ती बनवण्यात पिट्सबर्गच्याच डब्ल्यूक्यूईडी या वाहिनीचा हात होता. विषय आहे १७५४ साली इथल्या जंगलात पेटलेलं इंग्रज-फ्रेंच युद्ध. मी या गावात आठ वर्षं राहते. ज्या उतारावर इंग्रज जनरल ब्रॅडॉकची फौज कापली गेली, तिथून माझा कामावर जायचा रस्ता आहे. आता त्या जागी ब्रॅडॉक नावाचं गाव आणि पोलादाचा कारखाना आहे. धुराच्या वासावरून कळतं, आलं ब्रॅडॉक. आठ वर्षांत मी त्या नावाचा एकदाही विचार केला नव्हता.

मालिका नाट्यरूपात आहे. नट आहेत, लाल कोट आहेत, बंदुकांचा धूर आहे. पण मधेमधे आजच्या कपड्यांतला एक माणूस पडद्यावर येतो आणि आपल्याशी बोलतो. तो ग्रॅहम ग्रीन, कॅनडातल्या सिक्स नेशन्स वसाहतीत जन्मलेला ओनायडा जमातीचा नट. या युद्धाची गोष्ट त्याच्या तोंडून ऐकवायची, हा या मालिकेचा सगळ्यात मोलाचा निर्णय आहे असं मला वाटतं. पहिल्याच संध्याकाळी अण्णांनी विचारलं, “ह्यो कोण?” मी म्हटलं, इथला मूळचा माणूस. अण्णा खुर्चीत जरा पुढे सरकून बसले.

मी सांगायला लागले. ॲलेगेनी आणि मनाँगहेला या दोन नद्या पिट्सबर्गमध्ये मिळतात आणि तिथून ओहायो नदी सुरू होते. ओहायो पुढे मिसिसिपीला जाते. म्हणजे हे टोक ज्याच्या हाती, त्याच्या हाती अर्ध्या खंडाचा जलमार्ग. फ्रेंचांना कॅनडा आणि लुईझियाना जोडायचे होते. व्हर्जिनियातल्या बड्या इंग्रज जमीनदारांनी ओहायो कंपनी काढून इथल्या जमिनीचे तुकडे विकायचा बेत केला होता. दोघंही आपापल्या राजाची सनद दाखवत होते.

“दोघे भांडतत ता समाजला,” अण्णा म्हणाले. “पण मुळात ती जमीन कोणाची गो?”

मी रिमोटचं बटण दाबलं. हा प्रश्न मालिकेत येतो, थोडा उशिरा येतो. अण्णांना तो नवव्या-दहाव्या मिनिटालाच पडला. लेनापे, शॉनी, मिंगो लोकांची जमीन, मी सांगितलं. त्यातही गुंता होता. उत्तरेकडचे इरोक्वाय, म्हणजे सहा राष्ट्रांचा संघ, या लोकांवर आपली सत्ता आहे असं म्हणत, आणि त्यांच्या वतीनं इंग्रजांशी परस्पर करार करून मोकळे होत. अण्णांना कुळकायद्यातली माणसं आठवली. कसणारा एक, सातबाऱ्यावर दुसरा आणि विकणारा तिसराच.

मग आला २८ मे १७५४ चा सकाळचा प्रसंग. जॉर्ज वॉशिंग्टन तेव्हा २२ वर्षांचा, व्हर्जिनियाच्या लष्करातला अननुभवी अधिकारी. त्याच्याबरोबर ४० एक शिपाई आणि मिंगोंचा पुढारी टॅनाग्रिसन, आपल्या डझनभर माणसांसह. खडकाच्या कड्याखाली फ्रेंचांची छोटी तुकडी रात्री मुक्कामाला होती. गोळीबार झाला, पंधरा मिनिटांत संपला. फ्रेंचांचा नायक जुमोंव्हिल जखमी पडला होता. आपण निरोप घेऊन आलोय असं त्याचे लोक सांगत होते, कागद वाचून दाखवत होते. टॅनाग्रिसन पुढे गेला आणि त्यानं कुऱ्हाडीनं त्याचं डोकं फोडलं.

एका साक्षीप्रमाणे घाव घालण्याआधी टॅनाग्रिसन फ्रेंचमध्ये म्हणाला, ‘बाप, तू अजून मेला नाहीस.’ मी अण्णांना हे शब्दशः सांगितलं आणि लगेच जाणवलं की हे असं सांगून चालणार नाही. जुमोंव्हिल त्याचा कोण बाप? फ्रेंच गव्हर्नरला या मुलखातली माणसं बोलण्याचालण्यात ‘बाप’ म्हणत. फ्रेंचांना वाटे, बाप म्हणजे हुकूम करणारा. पण इरोक्वायांमध्ये घराणं आईकडून चालतं, आणि पोराला दटावायचा अधिकार मामाचा. बाप म्हणजे देणारा, समजूत घालणारा, हात सैल सोडणारा. शब्द एकच, पण बोलणाऱ्याच्या मनात एक आणि ऐकणाऱ्याच्या मनात दुसरं. अण्णांना ‘मायबाप सरकार’ म्हटल्यावर यातलं पुष्कळ कळलं. टॅनाग्रिसननं एका माणसाला मारलं आणि त्याच घावात एक नातंही तोडलं. त्यानंतर इंग्रज-फ्रेंचांमध्ये समेट होणं अवघड होतं, आणि त्याला बहुधा तेच हवं होतं.

“मारल्यान,” मी अण्णांना सांगितलं होतं. तेवढंच.

दुसऱ्या संध्याकाळी आम्ही फोर्ट नेसेसिटीचा प्रसंग पाहिला. जुमोंव्हिलच्या मृत्यूनंतर फ्रेंच चालून येणार हे उघड होतं. वॉशिंग्टननं ग्रेट मेडोज नावाच्या दलदलीच्या कुरणात घाईघाईनं लाकडी खोडांचं कुंपण उभारलं. टॅनाग्रिसननं ते बघितलं, कुरणातली ती एवढीशी वस्तू असं काहीसं म्हणाला आणि आपली माणसं घेऊन निघून गेला. हा पोरगा आपलं ऐकत नाही, आपल्या माणसांना गुलामासारखं वागवतो, अशी त्याची तक्रार होती. ३ जुलैला फ्रेंच आले. त्यांचा सेनापती जुमोंव्हिलचा सख्खा भाऊ होता. दिवसभर पाऊस. चर पाण्यानं भरले, दारू भिजली, इंग्रजांच्या बंदुका मुक्या झाल्या. अंधार पडल्यावर फ्रेंचांनी बोलणीची हाक दिली.

इथून पुढची दहा मिनिटं मला अख्ख्या मालिकेत सगळ्यात जवळची वाटतात. लढाई संपलेली आहे. वॉशिंग्टनला फ्रेंच येत नाही. त्याच्याकडे दुभाषा आहे व्हान ब्राम, जन्मानं डच, पूर्वी त्याला तलवारबाजी शिकवलेला. तो कुरण ओलांडून जातो आणि तहाची कलमं लिहिलेला फ्रेंच कागद घेऊन परत येतो. कागद भिजलेला, शाई फुटलेली. मेणबत्ती पावसात विझते, पुन्हा पेटवतात. त्या उजेडात व्हान ब्राम एकेक ओळ तोंडी इंग्रजीत सांगतो. त्या कागदात जुमोंव्हिलच्या बाबतीत जो शब्द आहे त्याचा अर्थ होतो कपटानं केलेला खून. व्हान ब्रामनं तो ‘मृत्यू’ किंवा ‘गेला’ अशा अर्थानं सांगितला असं वॉशिंग्टन पुढे जन्मभर म्हणत राहिला. वॉशिंग्टननं सही केली. दुसऱ्या दिवशी, ४ जुलैला, उरलेली माणसं घेऊन तो कुंपणातून बाहेर पडला. तो कागद फ्रेंचांनी छापून युरोपभर फिरवला. इंग्रजांच्या अधिकाऱ्यानं आमच्या दूताचा खून केल्याचं स्वतःच्या सहीनं कबूल केलंय, बघा.

मी हे सगळं सांगितलं. अण्णा गप्प होते. मग म्हणाले, “काल तू ‘मारल्यान’ म्हटलंस. ‘खून’ खंय म्हटलंस?”

मला काही सुचेना. खरंच मी खून म्हटलं नव्हतं. ‘मारलं’ हा आपला शब्द फार सोयीचा आहे. मास्तर पोराला मारतात, साप मारतात, लढाईत माणूस मारतात. तो उच्चारला की दोष कुणावर ठेवायचा हे ठरवावं लागत नाही. जेवण झालेलं, अण्णांना झोप आलेली, पुढचा प्रसंग सुरू झालेला, म्हणून जो शब्द आधी जिभेवर आला तो मी टाकला. व्हान ब्राम तर गुडघाभर चिखलात उभा होता, भोवती जखमी विव्हळत होते. त्याच्याबद्दल मला त्या क्षणी फार माया वाटली. इतिहासकार अजूनही वाद घालतात की त्यानं जाणूनबुजून सौम्य शब्द वापरला की त्याचं इंग्रजीच तोकडं होतं. मला वाटतं, दमलेल्या माणसानं हाताशी असलेला शब्द दिला.

रविवारी आम्ही गाडी काढली. पिट्सबर्गहून दक्षिणेला युनियनटाउन, मग जुना राष्ट्रीय रस्ता, म्हणजे आजचा यूएस ४०, आणि चेस्टनट रिजचा चढ. अण्णांचा उजवा पाय आपसूक ब्रेक दाबत होता. ट्रकवाल्यांसाठी खालचा गिअर लावा अशी पाटी होती, ती त्यांनी चित्रावरूनच ओळखली.

फोर्ट नेसेसिटीचं कुंपण पुन्हा उभारलेलं आहे. गोल, जेमतेम १६ मीटर व्यासाचं. आमच्या गावच्या देवळाचा सभामंडप त्याहून मोठा असेल. हे कुंपण कुठल्या आकाराचं होतं यावरही कितीतरी वर्षं वाद होता. १९३० च्या दशकात उभारलेली प्रतिकृती चौकोनी धाटणीची होती. १९५० च्या दशकात खणलं तेव्हा मातीत ओंडक्यांची बुडं गोलाकार सापडली आणि आधीची प्रतिकृती काढून टाकावी लागली. त्या पुराव्यावरून नवं कुंपण उभं राहिलं. जिथं कागद गप्प बसला होता, तिथं मातीनं साक्ष दिली. अण्णांनी एका ओंडक्यावर हात ठेवला आणि विचारलं, “हेंच्या आत चारशे माणसां?” सगळी आत नव्हती, बरीचशी बाहेरच्या चरात होती, मी सांगितलं.

तिथून मैलभरावर ब्रॅडॉकचं थडगं आहे. ही गोष्ट अण्णांना मालिकेपेक्षा रस्त्यावर जास्त कळली. १७५५ च्या जूनमध्ये ब्रॅडॉक मेरीलँडमधल्या फोर्ट कंबरलंडहून निघाला, तो रस्ता बनवतच निघाला. बारा फूट रुंद, तोफा आणि मालाच्या गाड्या जातील असा, दाट जंगलातून डोंगरामागून डोंगर ओलांडत. पायवाट आधीची होती, नेमाकोलिन नावाच्या लेनापे माणसाची. तीच रुंद केली. मालिकेत दोरखंड बांधून तोफा उतारावरून खाली सोडतात ते दृश्य आलं तेव्हा अण्णांनी ते मला दोनदा लावायला लावलं. “घाट वळणान काढूचो लागता,” ते म्हणाले. “ह्येनी सरळ काढल्यानी.” पहिल्याच डोंगरावर काही गाड्यांचा चुराडा झाला होता. काही दिवस दोन मैलांच्या वर मजल जात नसे.

या कुचाच्या आधीची एक गोष्ट सांगायला हवी. लेनापेंचा पुढारी शिंगास ब्रॅडॉकला भेटायला गेला होता. फ्रेंचांना हाकलायला आम्ही मदत करू, त्यानंतर या जमिनीवर आम्हाला तुमच्या शेजारी राहता येईल ना, एवढंच त्याला विचारायचं होतं. ब्रॅडॉक म्हणाला, जमीन इंग्रजांचीच राहील, रानटी माणसाचा तिच्यावर वारसा नाही. शिंगास उठून गेला. ९ जुलैला मनाँगहेला ओलांडताना ब्रॅडॉकच्या १,३०० माणसांबरोबर या मुलखाचे वाटाडे उरले होते सातआठ. समोर फ्रेंचांच्या बाजूला सहाशेच्या वर योद्धे होते. संध्याकाळपर्यंत इंग्रजांचे नऊशे एक मेले किंवा जखमी झाले. आजारी वॉशिंग्टन खोगिरावर उशा बांधून आला होता. त्याच्याखाली दोन घोडे पडले, कोटातून चार गोळ्या आरपार गेल्या, त्याला ओरखडाही आला नाही.

ब्रॅडॉक चार दिवसांनी वाटेत मेला. धर्मोपदेशक जखमी होता म्हणून अंत्यविधीची प्रार्थना वॉशिंग्टननं वाचली. ब्रॅडॉकला त्यानंच काढलेल्या रस्त्याच्या मधोमध पुरलं आणि मागची सगळी फौज, गाड्या, घोडे त्यावरून नेले. शत्रूला जागा कळू नये आणि प्रेताची विटंबना होऊ नये म्हणून. १८०४ साली रस्ता दुरुस्त करणाऱ्या मजुरांना तिथं हाडं मिळाली. आता बाजूला दगडी स्मारक आहे, आणि ओहोळाकडे जुन्या रस्त्याची खोलगट खूण गवतात दिसते.

“रस्त्यात पुरल्यानी? आणि वरसून गाडये नेल्यानी?” अण्णांनी टोपी काढली. ३१ वर्षांत त्यांच्या गाडीखाली मांजरसुद्धा आलं नाही, याचा त्यांना अभिमान आहे. त्या खोलगट भागावर ते उभे राहिले नाहीत. कडेकडेनं चालत गेले. ब्रॅडॉकबद्दल मला काही ममत्व नाही. शिंगासला त्यानं दिलेलं उत्तर ऐकल्यावर तर मुळीच नाही. पण अण्णांचं ते कडेनं चालणं मला बरोबर वाटलं.

मालिकेचा पुढचा भाग मला तितका भिडला नाही. क्वेबेकची लढाई, वुल्फ आणि माँकाम या दोन्हीकडच्या सेनापतींचे मृत्यू, सगळं रीतसर आहे. धूर पुष्कळ आणि माणसं मोजकी, त्यामुळे मोठ्या लढाया पडद्यावर लहान दिसतात. पण युद्ध जगभर पसरलं, हिंदुस्थानातही पोचलं असं वाक्य आलं तेव्हा अण्णा ताठ बसले. आमचं गाव विजयदुर्गाच्या शेजारचं. आंग्र्यांची गोदी हे आमचं खेळायचं ठिकाण. युद्ध अजून जाहीर व्हायचं होतं, तेव्हाच क्लाइव्हची पलटण दख्खनमधल्या फ्रेंचांविरुद्ध म्हणून मुंबईला आली होती. ती १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसनच्या आरमाराबरोबर विजयदुर्गावर गेली. बोलावलं होतं पेशव्यानं, तुळाजी आंग्रेला संपवायला. एका दुपारी आंग्र्यांचं सगळं आरमार जळालं. किल्ला इंग्रजांनी पेशव्यांच्या माणसांआधी घुसून घेतला, महिनोन्महिने सोडला नाही, आणि सोडला तेव्हा बाणकोट कायमचं आपल्याकडे ठेवून. तिथून क्लाइव्ह मद्रासला, मग बंगालला. दीडेक वर्षात प्लासी.

आपल्या भांडणात परका हाताशी धरावा, काम झालं की तो जाईल, असं नानासाहेबांना वाटलं. टॅनाग्रिसनलाही वाटलं होतं. या दोघांना मूर्ख ठरवणं मला आता जमत नाही. त्यांच्यासमोर होता तो शेजारचा शत्रू, रोजचा. अण्णा मात्र इतके उदार नाहीत. पेशव्याविषयी ते जे म्हणाले ते मी इथं लिहीत नाही.

१७५८ च्या ऑक्टोबरात ईस्टन गावी मोठी सभा भरली. डोंगरांच्या पश्चिमेला इंग्रज वस्ती करणार नाहीत असा शब्द दिला गेला आणि ओहायोच्या लोकांनी फ्रेंचांची साथ सोडली. महिन्याभरानं फ्रेंचांनी इथला आपला किल्ला स्वतः जाळला आणि ते निघून गेले. इंग्रजांना एक गोळीही न झाडता राख मिळाली. त्या राखेशेजारी त्यांनी फोर्ट पिट बांधायला घेतला, आधीच्या कितीतरी पट मोठा. दिलेला शब्द आणि हा किल्ला दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नव्हते. १७६३ साली इथल्या मूळच्या लोकांचा उठाव झाला, याच किल्ल्याला वेढा पडला, आणि बोलणी करायला आलेल्या लेनापे दूतांना देवीच्या रुग्णांची दोन ब्लँकेटं आणि एक रुमाल भेट म्हणून देण्यात आला. हे किल्ल्यातल्याच एका व्यापाऱ्यानं आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलंय. देवीची लागण शत्रूत पसरवता येईल का, असं पत्रातून विचारणारा सरसेनापती ॲम्हर्स्ट. त्याचाच पुतण्या १८२३ साली हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल होऊन आला.

ईस्टनच्या प्रसंगात वाम्पमचे पट्टे दिसतात. मण्यांचे रुंद पट्टे, पांढरे आणि जांभळे. पांढरे मणी शंखाचे, जांभळे क्वाहॉग नावाच्या मोठ्या खुब्याच्या कवचीचे. त्या कवचीला आतून कडेला जांभळी झाक असते, तेवढाच तुकडा घासून मणी करतात. सभेत बोलणारा पट्टा हातात घेऊन बोलतो आणि मग समोरच्याला देतो. घेतला म्हणजे ऐकलं. नाकारला म्हणजे बोलणं फेटाळलं. पट्टे जपून ठेवतात, आणि कोणता पट्टा काय सांगतो हे पाठ असलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या असतात. अण्णांनी चित्र थांबवायला सांगून तो पट्टा जवळ जाऊन बघितला. “खुब्यांचे,” ते म्हणाले. “पावसात भिजले तरी काय्येक जावचा नाय.”

मला हे पूर्वी सुचलंच नव्हतं. या मालिकेत वॉशिंग्टन बोलतो तेव्हा त्याच्यामागे त्याची स्वतःची पत्रं असतात. शिंगास बोलतो ते मात्र त्यानं एका गोऱ्या कैद्याला सांगितलं, त्या कैद्यानं नंतर लिहिलं, त्यावरून संवाद झाला, तो नटानं म्हटला, आणि तो मी आमच्या सोफ्यावर मालवणीत आणला. वाटेत प्रत्येकानं काही ना काही मऊ केलं असणार. लेनापेंचे बहुतेक वंशज आज ओक्लाहोमात आणि ओंटारिओत आहेत, इथून शेकडो मैलांवर.

शेवटच्या भागात ग्रॅहम ग्रीन पुन्हा समोर आला. त्याचा आवाज खालचा, सावकाश. मी नेहमीप्रमाणे अर्धं वाक्य ऐकून मराठीत सुरुवात केली. अण्णांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

“ह्येका बोलांदे,” ते म्हणाले. “तू मदी बोलू नको.”

पुढची काही मिनिटं त्यांनी एकही शब्द न कळता त्याच्याकडे बघत ऐकलं.